थंडी न झालेली सवारी

रहमतबीला मी आयुष्यात एकदाच झापलं, आणि तेही भलत्याच गोष्टीसाठी.

१९३० सालची दिवाळी तोंडावर आली होती. कंचनबाई, म्हणजे आमचं कुटुंब, ओसरीवर हात पुढे करून बसली होती आणि रहमतबी तिला हिरव्या बांगड्या भरत होती. बारा वर्षं हेच चाललेलं. कंचनबाईचा हात जाड, अंगठ्याचं हाड पुढे आलेलं. दुसऱ्या कुठल्याही मणियारणीने हात लावला की ही कण्हायची. रहमतबी मात्र गप्पा मारता मारता अंगठा तळव्यात दाबायची, हाताला एक पीळ द्यायची, आणि बांगडी मनगटावर गेलेली असायची. त्या दिवशी एक बांगडी वाढली. आमच्याकडे सवाष्णीच्या हातातली बांगडी फुटली असं म्हणत नाहीत. मग दुसरी वाढली. तिसरीची काच मनगटात शिरली आणि रक्त आलं.

मी आतून बाहेर आलो आणि म्हणालो, “हात ठिकाणावर नसतील तर घरी बस ना. दिवाळीच्या तोंडावर लोकांच्या बायकांचं रक्त कशाला काढतेस?”

एकाला दोन ऐकवणारी बाई. त्या दिवशी तिने तोंडातून शब्द काढला नाही. ओसरीवरचे काचेचे तुकडे वेचले, गाठोडं बांधलं आणि गेली. जाताना उंबऱ्याशी तिचा उजवा खांदा एकदम उडाला, कोणी मागून टोचल्यासारखा. मला वाटलं, राग आला असेल. कारंज्याच्या दवाखान्यात बावीस वर्षं कंपाउंडरकी केलेला माणूस मी, मला तेवढंच वाटलं.

रहमतबीचं माहेर मंगरूळ तालुक्यातलं आसेगाव. लग्न होऊन ती कारंज्यात रऊफ मणियाराच्या घरी आली. रऊफ दुकानात बसायचा, ही घर सांभाळायची. १९१८च्या मानमोडीच्या साथीत रऊफ चार दिवसांत गेला. पदरात चार वर्षांची पोर, हुस्नाबानो. दिरांनी दुकान आपल्याकडे घेतलं आणि वहिनीला म्हणाले, बस आता आरामात. रहमतबीने आराम केला नाही. तिने बांगड्यांचं गाठोडं डोक्यावर घेतलं आणि दारोदार फिरायला लागली. जैनांची घरं, मारवाड्यांची घरं, कुणब्यांचे वाडगे, सगळीकडे तिचा पाय पोचला. तिची एक रीत होती. बांगडी भरण्याआधी ती दोन बांगड्या एकमेकींवर हलकेच वाजवून बघायची. आवाज बद्द आला की ती बांगडी बाजूला. कंचनबाई एकदा म्हणाली, अगं, तडा दिसत तर नाही, चालेल. रहमतबी म्हणाली, “तुमाले दिसत नाई म्हनून का मी इकू? तुमच्या हातात ते तुटन, आन् नाव माहं निघन.”

अशी सरळ बाई. सरळपणाचं फळ तिला काय मिळालं तेच सांगायला बसलो आहे. त्यात माझाही हात आहे, तो लपवणार नाही.

आसेगावात तिच्या बापाच्या घरी मोहरमच्या सवारीचा मान होता. उंच बांबू, त्याला चांदीचा पंजा, त्यावर गुंडाळलेली नवसाची फडकी. हा बांबू उचलायचा मान पिढ्यानपिढ्या त्यांच्या घराचा. बांबू उचलला की उचलणाऱ्याच्या अंगात येतं, तो डोलतो, झोकांड्या खातो, आणि लोक, हिंदू काय नि मुसलमान काय, त्याच्या पायावर पाणी ओतून नवस बोलतात. दहाव्या दिवशी सवारी नदीवर नेऊन पाण्याने थंडी करतात. अंगातलं जातं, माणूस घरी येऊन झोपतो.

रहमतबीच्या आज्याची सवारी एका वर्षी थंडी झालीच नाही. मोहरम सरला तरी त्याचे हात उडत राहिले, पाय नाचत राहिले. पुढे तिच्या बापाचं तेच झालं. तोंड वेडंवाकडं व्हायचं, मान फेकली जायची, चालताना वाटायचं ताशावर नाचतोय. झोपला की मात्र सगळं शांत. गाव म्हणायचं, झोपेत सवारी आपल्या जागी जाते, उठला की परत येते. बाप बारा वर्षांनी हाडांचा सापळा होऊन मेला, पण गावाने त्याला काही कमी पडू दिलं नाही. त्याला भरवायला बायका पाळी लावायच्या. त्याच्यानंतर काही वर्षं चाचाने बांबू उचलला. मग रहमतबीचा धाकटा भाऊ फय्याज पस्तिशीतच डोलायला लागला, तेव्हा लोकांनी चाचाच्या हातून बांबू काढून फय्याजला दिला. सवारीने स्वतः माणूस निवडला म्हणाले. सवारी जिथे ठेवतात त्या आशुरखान्यापुढच्या ओट्यावर फय्याज बसायचा, आणि आयाबाया लेकरांना त्याच्या पायावर घालायच्या.

हे सगळं मला रहमतबीने सांगितलं ते दवाखान्यातल्या बाकावर बसून. दिवाळी होऊन दोन महिने झाले होते. मी तिला ताकदीचं लाल औषध देत होतो आणि ते घेऊन तिचे हात आणखीच नाचत होते.

“मग तुझीही सवारीच म्हणायची,” मी थट्टेने म्हणालो.

ती हसली नाही. “भाऊ, सवारी बाईच्या आंगात कशी येईन? मी तं जन्मात त्या बांबूले हात नाई लावला. आन् चाचानं नऊ साल उचलला, त्याले काहून काही झालं नाई?”

खरं तर हा प्रश्न मी विचारायला हवा होता. इंग्रजी चौथीपर्यंत शिकलो होतो ना!

मग तिने एक काम केलं, जे तिच्यासारखी बाईच करू शकते. मणियारणीला घराघरातली नाती पाठ असतात, कारण लग्न कुठे आहे, डोहाळजेवण कुठे आहे यावर तिचा धंदा चालतो. पुढचे सहा-सात महिने ती गाठोडं घेऊन आपल्याच खानदानामागे फिरली. आसेगाव, मंगरूळ, आणखी दोन खेडी. एक दिवस दवाखाना सुटायच्या वेळी ती आली आणि माझ्या टेबलावर बांगड्या मांडायला लागली. लिहिता येत नव्हतं तिला. ज्याला ते झालं त्याची काळी बांगडी, ज्याला झालं नाही त्याची हिरवी. वर आजा, काळा. त्याच्या खाली तीन लेकरं: बाप काळा, चाचा हिरवा, आणि मंगरूळला दिलेली फुफू, म्हणजे आत्या, काळी. फुफूला चुडैल लागली म्हणून सासरच्यांनी तिला मिरच्यांची धुरी देऊन देऊन मारली होती. तिच्याही अंगाला बांबू कधी शिवला नव्हता. फुफूचा एक मुलगा काळा, एक हिरवा. चाचाच्या खाली पाच बांगड्या, पाचही हिरव्यागार.

बांगड्या मांडताना तिचे हात उडत होते, दोनतीन खाली पडून वाढल्या. तिने दुसऱ्या काढल्या.

“पाहा भाऊ. हिरवीच्या खाली एकबी काळी नाई. काळी फक्त काळीच्याच खाली हाय. हे बांबूतून नाई येत. हे रक्तातून येते.”

बापाच्या खाली तिने दोन काळ्या ठेवल्या, एक फय्याजची, एक स्वतःची. मग गाठोड्यात बराच वेळ चाचपडून एक बिनरंगाची बांगडी काढली आणि आपल्या बांगडीखाली ठेवली.

“हे हुस्ना. हिचा रंग मले मालूम नाई.”

मी तिला नागपूरला घेऊन गेलो. कंचनबाईने दशम्या बांधून दिल्या. कारंज्याहून छोट्या गाडीने मूर्तिजापूर, तिथून मोठ्या गाडीने नागपूर. डब्यात लोक तिच्याकडे बघत आणि सरकून बसत. एकाने मला विचारलं, “दारू पिते काय हो?” मी त्याला दिली दोन ठेवून, तोंडाने.

नागपूरचे डॉक्टर विलायतेला शिकलेले, मेंदूच्या रोगांचं जाणणारे. त्यांनी तिला जीभ बाहेर काढून तशीच ठेवायला सांगितलं. जीभ क्षणभर बाहेर राहिली आणि सुर्रकन आत गेली. पुन्हा काढली, पुन्हा आत. मग आपली दोन बोटं तिच्या मुठीत देऊन म्हणाले, घट्ट धरून ठेवा. तिची मूठ घट्ट व्हायची, सैल पडायची, घट्ट व्हायची, गाईचं दूध काढतात तशी. तिला कळत होतं, थांबवता येत नव्हतं. “धरून तं राह्यली,” ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. मला तिच्याकडे बघवेना.

मग डॉक्टरांनी घराण्याचं विचारलं. तिने गाठोडं सोडलं आणि त्यांच्या गुळगुळीत टेबलावर बांगड्या मांडल्या. डॉक्टर आधी वैतागले, मग पुढे वाकले, मग कागद ओढून तसंच उतरवून घेऊ लागले. “हे कोणी मांडलं?” त्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, हिने. ते म्हणाले, “आमच्या पुस्तकांत हे असंच काढतात.”

रोगाचं नाव त्यांनी सांगितलं, हंटिंग्टनचा कोरिया. मेंदूचा आतला एक भाग हळूहळू झिजत जातो. आधी हातपाय, मग बोलणं, मग गिळणं. डोकंही फिरतं, माणूस चिडका होतो, विसरतो. दहा-पंधरा वर्षं. औषध नाही. ज्याला हा रोग आहे त्याच्या प्रत्येक लेकराला निम्मा धोका. नाणं उडवल्यासारखं, आणि प्रत्येक लेकराचं नाणं वेगळं. ज्याला मिळाला नाही, त्याच्या पुढच्यांना तो कधीच मिळत नाही.

मी हे तिला मराठीत समजावलं. ती एकच गोष्ट बोलली, “माह्या पोरीचं नाणं कवा पडन?”

डॉक्टरांना मराठी येत होतं. ते म्हणाले, “पडलेलंच आहे, बाई. ती पोटात होती तेव्हाच. दिसेल मात्र तिशी-चाळिशीत.”

“आन् आत्ता पाहाची काही तरकीब? वाजवून, काहीही करून?”

डॉक्टरांनी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी एका कागदावर सगळं लिहून दिलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, हे कोणाला कळवायचं ते या बाईला ठरवू दे, घाई करू नका. मी हो म्हणालो. आणि मूर्तिजापूरला गाडी बदलायच्या आतच घाई सुरू केली.

कारण हुस्नाबानोचं लग्न ठरलेलं होतं. इंझोरीचं घर, खातंपितं, मुलगा एकुलता. मुलाची आई लतीफा स्वतः मागणी घालायला आली होती. का? तर पोर सवारीच्या घरची नात, घरात बरकत येईल. मी रहमतबीला म्हणालो, “तू तडा गेलेली बांगडी कधी विकली नाहीस. इथे तर माणसाचा प्रश्न आहे. सांगून टाक. खरं बोलून कोणाचं वाईट होत नाही.”

वा रे शहाणा! आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, त्यातला मी. माझ्या घरात तसलं काही असतं तर मी किती खरं बोललो असतो, ते मला ठाऊक आहे.

रहमतबी फलाटावरच्या बाकावर बसली होती, तिचे पाय फरशीवर ताल धरत होते. ती म्हणाली, “अब्बाच्या लोकं पाया पडत होते, भाऊ. फय्याजच्या पडतात. मी तोंड उघडलं तं त्याचं काय होईन?” मी म्हणालो, रोग्याची लोक अधिकच काळजी घेतील. असं मी खरंच म्हणालो.

ती चार महिने थांबली. तिचं जेवण सुटलं. मग एके दिवशी सकाळी दवाखान्यात येऊन म्हणाली, “चाला इंझोरीले. लतीफाच्या पोराची लेकरं जर अशी झाली, तं मी मेल्यावर कोणाले तोंड दाखवू?”

आम्ही बैलगाडीने गेलो. लतीफाने आम्हाला बसायला सतरंजी घातली, सरबत दिलं. रहमतबीला पेला धरवेना म्हणून तिने स्वतः तो तिच्या तोंडाला लावला, आणि सवारीच्या लेकीची सेवा घडली म्हणून डोळे मिटले. मग मी कागद वाचला. चांगला मोठ्याने, थांबून थांबून, अर्थ सांगत वाचला. वाचून झाल्यावर लतीफा उठली, तो पेला उचलला आणि अंगणात नेऊन राखेने घासायला लागली.

“रहमतआपा, तू सांगितलं हे अच्छं केलं,” ती पाठमोरीच म्हणाली. “अल्ला तुले जन्नत देईन. आता जा.”

बातमीला पाय फुटायला वेळ लागत नाही. आठ दिवसांत ती आसेगावात पोचली. सवारी नाहीच, रोग आहे. सरकारी डॉक्टरचा कागद आहे. जे लोक चाळीस वर्षं पाया पडले त्यांना फसवल्यासारखं झालं, आणि फसलेल्या माणसाइतका वाईट माणूस नाही. त्या वर्षीच्या मोहरमला पंचांनी बांबू चाचाच्या मुलाला दिला. फय्याज ओट्यावरून उठून बांबू धरायला गेला, तर त्याला ढकललं. तो पडला, लोक बाजूला झाले, कोणी शिवलं नाही. ज्या बायका पाळीने भरवायच्या त्यांनी दारं लावून घेतली. आपल्या लेकरांना आजपर्यंत त्याच्या पायावर घातलं, आता काय होईल म्हणून एकीने तर पोराचे हात लिंबाचा पाला टाकलेल्या उकळत्या पाण्यात धुतले, पोराचे हात भाजले. रोग शिवून होत नाही, हे त्याच कागदात लिहिलेलं होतं. पण तेवढं कोणी ऐकलं नव्हतं.

रहमतबी गाडी घेऊन गेली आणि भावाला कारंज्याला घेऊन आली. तेव्हाचं एक चित्र माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. मी तिच्याकडे औषध द्यायला गेलो होतो. औषध म्हणजे गुंगीचं, दुसरं काय देणार. भाऊ-बहीण समोरासमोर बसले होते, मधे भाकरी कुस्करलेलं ताट. ती त्याला घास भरवायला हात पुढे करायची, तो हात मधेच भलतीकडे जायचा. त्याचं तोंड घासाकडे यायचं आणि मान दुसरीकडे फेकली जायची. घास त्याच्या कानाला, खांद्याला, जमिनीवर. दोघांनाही घाम फुटला होता. अठरा वर्षांची हुस्ना बाजूला बसून वाट बघत होती, कारण आई तिला मदत करू देत नव्हती. शेवटी रहमतबीने ताट भिरकावून दिलं आणि ओरडली. मग हुस्नाने जमीन पुसली, दुसरं ताट केलं आणि आधी मामूला, मग आईला भरवलं. रोज असंच व्हायचं, असं तिने मला दारात सांगितलं.

बाहेर मोहल्ल्यातली पोट्टी फय्याजची नक्कल करत नाचायची. कोणी गोटे मारायचं. त्याला आता बोलणं नीट जमत नव्हतं, पण समजत सगळं होतं. एक दिवस माझ्यादेखत तो बहिणीला म्हणाला. एकेक शब्द ओढून ओढून काढला त्याने.

“आपा, तू खरं सांगितलं ना? सवारी नव्हतीच?”

“नव्हती रे.”

“मंग इतके साल मी कोन होतो?”

रहमतबी माझ्याकडे बघायला लागली. कागद मी वाचला होता ना, तेव्हा उत्तरही मीच द्यावं असं तिला वाटलं असेल. मी पिशवी उचलून निघून आलो. त्या पावसाळ्यानंतर घास घशात अडकून फय्याज गेला. मला त्याचं जितकं वाईट वाटलं, त्याहून जास्त माझी लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

रहमतबी पुढे सात वर्षं जगली. त्या वर्षांबद्दल फार लिहीत नाही. कोणाचाही शेवट असा होऊ नये. धंदा हुस्नाने चालवला, पण कारंज्यातली निम्मी घरं तिला उंबऱ्याबाहेर बसवायची. कंचनबाई ओसरीवर बसवायची, एवढं मात्र सांगतो. रहमतबी चिडायची, हुस्नाला शिव्या घालायची, एकदा तिने तिला वरवंटा फेकून मारला. डॉक्टर म्हणालेच होते. शेवटी शेवटी ती फक्त झोपेत माणसासारखी दिसायची. हुस्ना मला म्हणायची, “काका, अम्मी झोपली का मी तिच्यापाशी जाऊन बसतो. तेवढा टाइम ते माही अम्मी असते.” १९३९च्या थंडीत ती झोपेतच गेली. मयताला आठ माणसं होती.

दोन वर्षांनी हिंगोलीकडचा एक बिजवर दवाखान्यात मला शोधत आला. सादिक त्याचं नाव, कापसाच्या जिनात मिस्तरी, शांत माणूस. मुलगी पाहिली, पसंत आहे, म्हणाला. तुम्ही त्यांच्या घरोब्याचे, म्हणून विचारतो, घराण्यात काही वावगं? आई कशाने गेली?

हुस्ना तेव्हा सत्तावीस वर्षांची होती. मी सादिककडे बघितलं. मला राखेने घासलेला तो पेला आठवला, फय्याजचा प्रश्न आठवला.

“कमजोरीने,” मी म्हणालो.

लग्न झालं. मी मनाला समजावलं, नाणं कदाचित चांगलं पडलं असेल. निम्मी आशा काही कमी नसते.

गेल्या वर्षी, १९४६च्या हिवाळ्यात, दोघं आमच्याकडे आले. बरोबर चार वर्षांची मुलगी, जरीना. हुस्ना ओसरीवर बसली आणि तिच्या डाव्या पायाचा अंगठा आपोआप वरखाली व्हायला लागला. मग खांदा उडाला. कंचनबाई आत निघून गेली.

सादिक मात्र हसत होता. “काका, हिच्या माहेरची सवारी आमच्या घरी आली. गल्लीतल्या बाया पाण्याचे गडवे घेऊन येतात. माझी अम्मा हिला जमिनीवर पाय ठेवू देत नाही.”

तो नमाजाला मशिदीत गेला. मी हुस्नाला म्हणालो, “तुला माहीत आहे ना हे काय आहे?”

“तुमच्यापेक्षा जास्त मालूम हाय, काका. त्यायले सवारीचं मीच सांगितलं.”

“का?”

“मामूले आसेगावात लोकं आपल्या हातानं खाऊ घालत होते. कारंज्यात गोटे मारले. रोग तं एकच होता.” तिने उडणारी मान आवरली. “मले आसेगावसारखं मरू द्या.”

मग तिने जे सांगितलं ते मी उतरवून ठेवतो, कारण त्यासाठीच हा सगळा खटाटोप.

“एक वक्त तुमी खरं बोलले, एक वक्त खोटं. दोन्ही वक्ती गोष्ट माही होती, आन् मी तिथं नव्हती. मले कोणी इचारलंच नाई, काका. ना अम्मीनं, ना तुमी. इंझोरीले जाच्या आधी कागद मले वाचून दाखवला असता, तं मी ठरवलं असतं लग्न कराचं का नाई. सादिकले मी सांगितलं असतं, नाई तं नसतं सांगितलं, पन मी ठरवलं असतं. माहं नाणं, आन् सारे पाहून राह्यले, मले सोडून.”

जरीना अंगणात कंचनबाईच्या मागे मागे फिरत होती.

“हिच्या लग्नाच्या आधी हिले सांगजा,” हुस्ना म्हणाली. “सासरच्यायले नाई. हिले. मी तवा नसन, असली तं मले बोलता नाई येनार. सादिकले मालूम नाई. तुमच्याशिवाय हिले सांगनारं दुसरं कोणी नाई.”

मी हो म्हणालो. नाही म्हणायला तोंड कुठे होतं मला?

जरीनाचं लग्न व्हायला अजून बारा-तेरा वर्षं आहेत. मला अडुसष्टावं लागलं आहे आणि जिना चढताना छातीत दुखतं.